पाच बोटांचे ठसे

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. लोकांना माझ्या थापा पटतात. खरं सांगितलं की माझ्याकडे संशयानं बघतात.

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. व्यासपीठावर चमत्कार करणारे बाबा, आणि शेजारी शर्ट वर करून उभे असलेले एक पेन्शनर. पोटावर बारीक बारीक व्रण.

"मूत्राशयाचा कर्करोग! डॉक्टर म्हणाले, कापा. मी म्हणालो, थांबा!" बाबा गरजले. "पाच बोटं टेकवली. सडकी पिशवी विरघळली, नवी उगवली. सुरी नाही, टाका नाही. हे माझ्या बोटांचे ठसे!"

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. माझा साडू तर रडायलाच लागला. साडू शिंपी. त्याच्या लघवीतून रक्त जात होतं, कर्करोग निघाला होता, उद्या ऑपरेशन होतं. ते टाळायला त्याला एवढाच टेकू हवा होता.

"अरे, सर्जनबाईंनी नीट समजावलंय ना?" मी म्हणालो.

"समजावलंय! म्हणे, पोटाला बारीक भोकं पाडून मूत्राशय काढणार आणि आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी आतल्या आत शिवणार. जन्मभर शिवतोय मी, भाऊ. काजातून हात घालून कोट शिवता येतो होय? त्यापेक्षा बाबा बरे!"

तेवढ्यात पेन्शनरांच्या मनगटावरचं घड्याळ केकाटलं. ते तडक संडासाकडे पळाले.

"बघा!" बाबा म्हणाले. "मूत्रसुद्धा माझा हुकूम पाळतं!"

पुन्हा टाळ्या. साडूचे हात मात्र हवेतच राहिले. परतणाऱ्या पेन्शनरांना त्यानं वाटेतच गाठलं.

"काका, लघवी लागल्याचं पहिल्यासारखं कळत नाही ना? घड्याळ लावून जावं लागतं?"

"हो रे."

"आणि लघवीत शेंबडासारखे पांढरे धागे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सर्जनबाईंनी! आतड्याची पिशवी केली तरी आतडं आपली खोड सोडत नाही म्हणाल्या. चिकट स्राव सोडतं, आणि भरल्याचा निरोप काही धड देत नाही." साडू बाबांकडे वळला. "तुम्ही उगवून आणलेली पिशवी आतड्याची कशी हो? खोटं बोलताय! यांचं ऑपरेशन झालंय!"

पेन्शनरांनी शर्ट खाली ओढला.

"झालंय," ते पुटपुटले. "बाबा म्हणाले, माझ्या आशीर्वादानंच पार पडलं, मग ऑपरेशनचं कशाला बोलायचं?"

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोंड उघडा. दोन साधे प्रश्न विचारा. खऱ्याला प्रश्नांची भीती नसते.

साडूला हा उपदेश ऐकायला वेळ नव्हता. पेन्शनरांना खुर्चीवर बसवून तो हळूच विचारत होता, "काका, खरं सांगा. दुखतं किती?"