आजोबांचा माइक

सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत मी बसतो. कुणाचा माइक चालू, कुणाचा बंद, कुणाचा आवाज किती, हे सगळं माझ्या हातात. लोकांना वाटतं कारभार सदस्य चालवतात. चालवू देत बापडे. त्यांच्यातले बरेचसे नातवंडं खेळवायच्या वयाचे, आणि जेवणानंतर निम्मे पेंगत असतात.

सगळ्यात म्हाताऱ्या सदस्याला अख्खं सभागृहच आजोबा म्हणायचं. उभे राहिले की ते माइकवर दोन टिचक्या मारायचे आणि काचेकडे डोळे बारीक करून म्हणायचे, "साउंडवाले, जरा वाढवा." माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. दरवर्षी त्यांचा आवाज आणखी खोल जायचा आणि मी बटणं फिरवून तो वर ओढायचो. शेवटी शेवटी नुसता श्वास उरला होता, तरी सभागृहात गर्जना ऐकू यायची. मग ते गेले.

पोटनिवडणूक लागली. तरुणांचं आत कुणीच नाही, अशी बाहेर ओरड होतीच. पक्षातल्या थोरांनी ठरवलं, या वेळी चेहरा तरुण हवा. तो त्यांना सापडला माझ्याच घरात. माझी धाकटी, सव्वीस वर्षांची. लहानपणी रडायला लागली की गल्ली जागी व्हायची, म्हणून मी तिला भोंगा म्हणतो. निवडून आली, आणि बसायला तिला आजोबांचीच जागा मिळाली.

पहिल्या भाषणाची तयारी तिने आरशासमोर इतक्या वेळा केली की मलाच ते पाठ झालं. सुरुवात अशी होती: "बाहेर आम्ही निम्मे आहोत, आणि इथे मी एकटी आहे."

"बाबा, माझा आवाज पोचेल ना?" तिने विचारलं.

"ते माझ्यावर सोड. तू फक्त बोल."

सदस्य बदलला की त्या जागेची बटणं शून्यावर आणायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी आणली नाहीत. ज्या सेटिंगने मरायला टेकलेल्या माणसाला गर्जायला लावलं, ते माझ्या भोंग्याचं काय सोनं करेल, असा बापाचा वेडा हिशोब.

ती उभी राहिली. बोलण्याआधी तिने माइकवर दोन टिचक्या मारल्या. हे हिला कुणी शिकवलं, मी मनात म्हटलं.

तिचे ओठ म्हणाले, "बाहेर आम्ही निम्मे आहोत." स्पीकरमधून आलं, "आमच्या काळी तरुणांना धीर असायचा." खर्जातला, दम लागलेला, माझ्या चांगल्या ओळखीचा आवाज. मी हेडफोन चढवला. त्यात माइकचा मूळ आवाज येतो, बटणांतून न जाता. आत ती होती, पण बंद दारामागून बोलावी तशी बारीक. "इथे मी एकटी आहे."

मी सगळी बटणं शून्यावर आणली. बाहेर आवाज तसाच. सभागृहातले स्पीकरच बंद केले. त्यांचे दिवे विझले, आवाज तसाच. "उद्याचा काळ तुमचाच आहे, पोरांनो. आज जरा बसा."

म्हातारे खडबडून जागे झाले होते. माना डोलावत होते, बाकं वाजवत होते. कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

मी काचेवर मुठी आपटल्या. ती काच आवाज पलीकडे जाऊ नये म्हणूनच बसवलेली. हळूहळू तिचे ओठ त्या दुसऱ्या शब्दांशी जुळायला लागले. हेडफोनमधला बारीक आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

भाषण संपल्यावर मी धावत बाहेरच्या दालनात गेलो. ती बाकावर बसली होती आणि भोवती म्हाताऱ्यांचं कोंडाळं होतं. "वय लहान, पण समज बघा," एक जण म्हणत होता. मी त्यांना बाजूला सारलं आणि तिच्यासमोर वाकलो.

"भोंग्या," मी हळूच म्हटलं, "चल बाळा, घरी जाऊ."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. नोकरमाणसाकडे बघून हसतात तसं हसली. मग बाकाच्या दांडीवर दोन टिचक्या मारल्या.

"साउंडवाले, जरा मोठ्याने बोला," ती म्हणाली. "ऐकू येत नाही."