तळहातावरचं रक्त

चाकणजवळच्या आमच्या वाडीत देवळापुढे अख्खा गाव लोटला होता. शाळेत फळा आणि मी शिक्षिका, दोघंच उरलो. साल १९५४. गेनबाचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला होता आणि त्याला कुणी खाल्लं, हे दत्तोबा भगत शोधून देणार होता. मी धावत तिथं पोचले.

भगतानं पाच बायकांच्या तळहातांना हळद फासली. "चेटकिणीच्या हातावर पोराचं रगत दिसंल. हळदीला खोटं खपत न्हाई." त्याला स्वतःला मात्र रोज खपत होतं. चौघींच्या हातांवर त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं. हळद पिवळीच राहिली. पाचवी तानाबाई, गेनबाची विधवा भावजय. तिच्यासाठी त्यानं दुसरा तांब्या उचलला. हळद तांबडी झाली.

गेनबाची काठी तिच्या डोक्यात बसली. मग ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन तो मारत सुटला. तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी तिच्यावर आडवी पडले, तशी एक काठी माझ्याही पाठीत बसली.

"सुमनताई, बाजूला व्हा," गेनबा म्हणाला.

"होते. आधी भगताच्या हाताला हळद लावा."

भगत मागं सरला, पण गेनबानंच त्याचं मनगट धरलं. मी हळद फासून तो दुसरा तांब्या ओतला. हात तांबडा.

"मंग पोरगं ह्यानंबी खाल्लं व्हय?" कुणीतरी विचारलं.

भजी विकणाऱ्या गवराबाईनं त्याची झोळी उलटी केली. पांढरी पुडी पडली. "ह्यो तर माजा खायचा सोडा. पोटात जळजळतंय म्हणून परवा मागून नेला."

"डाळ शिजायला चिमूटभर टाकता, ज्यानं तेलकट भांडी घासता, तोच हा," मी म्हणाले. "सोड्याच्या पाण्यानं हळद तांबडी होते. घरी करून बघा."

आता काठ्या भगतावर उठल्या. मी त्याच्याही पुढे उभी राहिले. मला त्याची किळस येत होती, तरी. "त्याला पोलीस बघतील. काठ्या टाका."

गेनबाची काठी गळाली. "मंग माजं पोरगं कशानं गेलं, ताई?"

"तापानं. पाच दिवस तुम्ही त्याला ह्याच्या अंगाऱ्यावर ठेवलंत."

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो उलटसुलट तपासा, आणि ताप आला तर डॉक्टर गाठा.

तानाबाईसाठी गेनबानंच गाडी जुंपली. ती वाचली. चाकणच्या दवाखान्यात पोचायला आम्हांला फक्त तासभर लागला; पोराच्या हाताशी पाच दिवस होते.