मुक्कामाचा पत्ता

नीलमचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. केंद्र सरकारी नोकरीमुळे तिला नेपाळला जायलाही परवानगी लागत होती. बेत साधा होता. रात्रीच्या गाडीने गोरखपूर, सकाळच्या पॅसेंजरने सीमेलगतचं नौतनवा, मग पलीकडे लुंबिनी आणि संध्याकाळी परत. तिथे मुक्काम नव्हताच, पण ‘परदेशातील मुक्कामाचा पत्ता’ हा रकाना रिकामा चालत नव्हता.

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये शिरताच तिने पर्स आपटली. “यार, सहा तासांसाठी कुठला पत्ता देऊ?”

तिची आई कमलाबाई, वय एकाहत्तर, बुद्धवंदनेची पांढरी साडी पिशवीत ठेवत होती. “सिद्धार्थालासुद्धा त्याच्या कुळाच्या संघाचं ऐकून घर सोडावं लागलं. तू तर बाबूलोकांच्या हाताखाली.”

“आई, थट्टा नको. गाडी उद्या आहे.”

“मग चल की. माझ्या आणि पोरीच्या वयाला नुसतं आधारकार्ड चालतं ना? तू अलीकडे थांब, आम्ही दोघी जाऊन येतो.”

नीलमने बारा वर्षांच्या लेकीकडे पाहिलं. तिचं लुंबिनी हे नाव आजीनेच ठेवलं होतं.

एक कागद घेऊन नीलमने आईसाठी लिहिलं, ‘नीलम, प्रतीक्षालय, नौतनवा स्टेशन.’