बॉयलरला फुटलेला पाझर

आम्ही कोहळी, तलावांचे बांध घालणारी जात. तलावाच्या पाळीला पाझर दिसला की आधी चिखल थापायचा, मग तो कुणाच्या हयगयीने फुटला म्हणून भांडायचं, हे आमच्या रक्तातच. त्याच हातांनी मी गोंदियाच्या भातगिरणीत बॉयलरला लेप द्यायला शिकत होतो. पांढरी भुकटी पाण्यात मळायची, कोमट पत्र्यावर पातळ थर द्यायचा, तो वाळला की दुसरा. आतली ऊब बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. शिकवणारे मुन्नालाल मिस्त्री तोंडाने फटकळ, पण कामात बाप माणूस.

खालच्या जोडावर, रिबिटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या रांगेत, मला ओल दिसली. बोटाएवढी. मी सवयीने लेपाचा गोळा दाबून बसवला, वरून हात फिरवला आणि स्वतःवरच खूश झालो.

दोन दिवसांनी लेप वाळला. मिस्त्रींनी जाळ वाढवला आणि सहज विचारलं, "उदाराम, खालच्या जोडाले ओल दिसली होती का रे?"

"काऊन?"

"लेपाखाली गळती दडली त पत्रा फाटते. मंग आजूबाजूचा एकबी वाचत नाही."

खरं सांगावं तर हातचं काम जाणार.

"नाही," मी म्हणालो.

दाबाचा काटा चढू लागला. भिंतीपलीकडे माझी बायको शामकला उकडलेलं धान पसरत होती. पाळ फुटली तर माणूस झाडावर तरी चढतो, इथे कुठे चढणार? काटा आणखी सरकला आणि मला राहवेना.

"मिस्त्री, जाळ काढा. ओल होती. म्या बुजवली."

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते फावड्याने भट्टीतला पेटता भुसा ओढू लागले. मीही धावलो. काटा बराच उतरल्यावर मी लेप खरवडला. रिबिटांमधून चार बोटं लांब चीर गेली होती आणि तिच्यातून वाफ फुसफुसत होती.

मिस्त्रींनी फावडं खाली टाकलं.

"मलेबी दिसली होती ते ओल," ते म्हणाले. "गिरणीचा सेठ बॉयलर आजच चालू करा म्हणून राहिला होता. तू नाही म्हणलास, मले बरं वाटलं."

मी भिंतीपलीकडे गेलो आणि शामकलाला हाताला धरून फाटकाबाहेर आणलं. "काऊन? झालं काय?" ती विचारत राहिली. दोष द्यायला मिस्त्रींचं नाव ओठांवर आलं होतं, पण ‘नाही’ तर मीही म्हणालो होतो.