तिथं मगर होती

मंचेरियालला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथून परतल्यावर रुख्मिणीनं जेवताना सहज सांगितलं, की गोदावरीकाठी शिवारमजवळ सरकारनं मगरींसाठी अभयारण्य केलंय. बस स्टँडवर वनखात्याचा फलक लागला होता आणि त्यावर वाळूत पसरलेल्या मगरीचं चित्र होतं.

तिची सासू द्वारकाबाई वरण वाढत होती. पळी हातातच धरून तिनं विचारलं, "कोणतं गाव म्हणलं?"

"शिवारम."

"तिथं मगरी हायेत, असं सरकार म्हणते?"

"हो. वनखात्यानंच लिहिलंय. काऊन, आई?"

द्वारकाबाईनं पळी भांड्यात ठेवली. भांडी आवरून झाल्यावर ती सुनेजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मले तिथं जायचं हाय. बाबारावदादाले घेऊन."

ही नव्वद सालातली, वांकिडीतली गोष्ट. रुख्मिणीला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण सासूला गवरा नावाची थोरली बहीण होती हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

निजामाच्या राज्यात वांकिडीकडची मजूर कुटुंबं हिवाळ्यात धान कापायला गोदावरीकाठी जायची. द्वारकाबाईचं घरही जायचं. एका सकाळी गवरा पाण्याला गेली, तिच्या मागं लहानगी द्वारका. द्वारका एकटीच ओरडत परत आली. मगरीनं गवराले नेलं, एवढंच ती सांगत होती. माणसं काठ्या घेऊन धावली. नदी शांत होती. तिथल्या पाटलाची माणसं म्हणाली, या डोहात कधी मगर कुणी पाहिली नाही. त्याच आठवड्यात टोळीतला एक तरुण मजूर न सांगता बल्लारशाकडं निघून गेला होता. झालं. गवरा त्याच्यासोबत पळाली, असं टोळीनं ठरवलं. तिचं लग्न जमलेलं होतं, ते मोडलं. आई-बाप मान खाली घालून जगले आणि गेले. आणि घरात गवराचं नाव निघालं की थोरला भाऊ बाबाराव म्हणायचा, "ती पळून गेली. द्वारकी लहान होती, तिले काय समजते?"

"तवापासून मी खोटी हाओ," द्वारकाबाई म्हणाली. "आता सरकारच म्हणते तिथं मगरी हायेत. दादाले त्याच्या डोळ्यानं दाखवीन."

रुख्मिणीनं तिला समजावून पाहिलं. गुडघे दुखतात, रस्ता लांब आहे, नदीपर्यंत बस जात नाही. द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालून आली. मग रोजच जाऊ लागली. पहिले काही दिवस परतल्यावर ती भिंतीला टेकून बराच वेळ बसायची. पुढं ओढा ओलांडून कापसाच्या शेतांपर्यंत जायला लागली. तिचा मुलगा दौलत मंडल ऑफिसात कारकून होता. तो एकदा म्हणाला, "आई, उन्हाळ्यात सुट्टीत जाऊ ना निवांत."

"उन्हाळ्यात कायले? हिवाळ्यात मगर उन्हाले वाळूवर येते. रुख्मिणीनं विचारून आणलं हाय."

रुख्मिणीनं खरंच विचारून आणलं होतं. शिबिरात ओळख झालेल्या विमलबाई मंचेरियालला राहायच्या. त्यांना पत्र टाकून तिनं सगळी माहिती मागवली. चेन्नूरच्या बसनं जायचं, सडकेवर उतरून नदीकडं चालायचं, आणि त्याआधी वनखात्याच्या ऑफिसात परवानगी घ्यायची. तेलुगूत अर्ज रुख्मिणीनंच लिहिला. संक्रांतीच्या सुट्टीतला दिवस ठरला. आदल्या दिवशी विमलबाईंकडं मुक्काम करायचा होता.

राहिला बाबाराव. तो आसिफाबादला राहायचा. एका सरकारी गोदामावर चौकीदारी करून आता घरी बसला होता. दौलतनं जाऊन त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मला यायचं नाही. रुख्मिणी गेली, तिला त्यानं चहा पाजला आणि तेच सांगितलं. मग द्वारकाबाई स्वतः आसिफाबादला गेली.

दुपारची वेळ होती. बाबाराव ओसरीत दोरी वळत बसला होता. द्वारकाबाई समोर बसली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तुले भेव कायचं हाय, दादा? मी खरी निघीन याचं?"

त्यानं दोरी खाली ठेवली.

"तू खरीच हायेस," तो म्हणाला. "मले ते तवाच माहीत होतं."

द्वारकाबाई त्याच्याकडं बघत राहिली. भांडायला म्हणून तिनं रस्ताभर जे जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच आता कामाचं नव्हतं.

"मग काऊन म्हणत राह्यला?"

"तुले खरी म्हणलं असतं तं ती मेली असती, द्वारके. पळाली म्हणलं तं कुठंतरी जिती हाय. तिचं घर असंल, लेकरं असतील." त्यानं मांडीवरचे दोरीचे तंतू झटकले. "मी दर वर्षी बल्लारशाले जात होतो. बाजाराच्या दिवशी. बायांची तोंडं पाहत फिरत होतो. एकदा चांद्याले एका बाईच्या मागं तिच्या घरापर्यंत गेलो, तं तिच्या नवऱ्यानं मले मारलं. आता ती म्हातारी झाली असंल, समोर आली तरी ओळखू येणार नाही, म्हणून जाणं सोडलं."

द्वारकाबाईला राग आला होता आणि रडूही येत होतं. भाऊ आपल्याला कमी लेखतो असं धरून ती आयुष्यभर त्याच्याशी तुटक वागली होती. त्याच्या नातवाच्या बारशालाही ती गेली नव्हती.

"तुह्या मनाचं झालं," शेवटी ती म्हणाली. "माह्या मनाचं? मी पाह्यलं होतं, दादा. मले एकानंही विचारलं नाही, की पोरी, तू काय पाह्यलं."

बाबारावनं दोरी पुन्हा हातात घेतली.

"दिवस ठरला हाय," ती उठत म्हणाली. "तू ये नाही तं नको येऊ. तुले दाखवायले जात नाही मी आता. मी गवराकडं चालली हाओ."

संक्रांतीच्या सुट्टीत सासू-सून वांकिडीहून निघाल्या. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि परवानगीचा कागद होता. आसिफाबादच्या स्टँडवर बस थांबली, तेव्हा बाबाराव काठी टेकत चढला. खांद्यावर घोंगडी होती. तो बहिणीजवळ बसला नाही, पुढं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. द्वारकाबाईनंही त्याला बोलावलं नाही. मात्र बेल्लमपल्लीला बस थांबली तेव्हा तिनं भाकरी बांधून रुख्मिणीच्या हाती दिली आणि म्हणाली, "मामाजीले दे. सकाळपासून काही खाल्लं नसंल त्यानं."

रात्र विमलबाईंकडं काढून दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं सडकेवर उतरली. वनखात्याचा गार्ड सोबत आला होता. वाट शेतांमधून होती, धान कापून झालेलं होतं. द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढं चालत होती. रुख्मिणीनं दोनदा थांबायला सांगितलं, ती थांबली नाही. बाबाराव मागं पडायचा, मग गार्ड त्याच्यासाठी थांबायचा.

काठावर आल्यावर गार्डनं हातानं सगळ्यांना खाली बसवलं. "अदिगो, मोसली," ती पाहा मगर, असं तो तेलुगूत हळूच म्हणाला आणि नदीच्या मधोमध असलेल्या वाळूच्या पट्ट्याकडं बोट केलं.

आधी काही दिसेना. मग वाळूवरचं ओंडक्यासारखं काळपट लांबट काहीतरी हललं. मगरीनं जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवून ती उन्हात पडून राहिली. थोडं पलीकडं आणखी एक होती, तिच्याहून मोठी.  रुख्मिणीनं सासूकडं पाहिलं. द्वारकाबाईच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना राग. एखादी जुनी ओळख पटवावी तशी ती बघत होती.

बाबारावनं घोंगडी खाली टाकली आणि बहिणीच्या शेजारी बसला. तो म्हणाला, "सांग, द्वारके. तू काय पाह्यलं?"

तिनं सांगितलं. गवरा गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मडकं भरत होती. द्वारका काठावर वाळूत बसून शिंपले वेचत होती. पाणी एकदम उसळलं. गवरा आडवी पडली, तिच्या हातात काठावरच्या लव्हाळ्याचा झुपका आला आणि तिनं तो घट्ट धरला. ती मदत कर म्हणाली नाही. द्वारका तिच्याकडं धावली, तेव्हा ती ओरडली, "येऊ नको. मायकडं पळ." द्वारका पळाली. मागं वळून पाहिलं तेव्हा लव्हाळं हलत होतं, गवरा नव्हती.

"तिनं तुले पळ म्हणलं?" बाबारावनं विचारलं.

"हो."

"शुद्धीत होती?"

"होती. नाही तं मी गेलीच असती तिच्या मागं."

बाबारावनं पंच्यानं तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. द्वारकाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. गार्डला भाषा कळत नव्हती, पण तो उठून थोडा दूर जाऊन उभा राहिला. रुख्मिणीनं हात जोडून हळू आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिसरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला द्वारकाबाईचा आवाज मिसळला, आणि पंचा बाजूला करून बाबारावचाही.

ऊन चढल्यावर दोन्ही मगरी एकापाठोपाठ पाण्यात सरकल्या. गार्ड निघू या म्हणाला.

संध्याकाळी विमलबाईंनी त्यांना आग्रहानं जेवू घातलं. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "या वयात एवढं चालून मगरी बघायला गेलात. विशेष काय?"

द्वारकाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाराव बोलला.

"आमी तीन भावंडं होतो, बाई," तो म्हणाला. "मधली गवरा. तिले या नदीत मगरीनं नेलं. ही माही लहान बहीण तिथंच होती. तिनं पाह्यलं."

 द्वारकाबाईनं भावाच्या ताटाकडं पाहिलं आणि विमलबाईंना म्हणाली, "त्याले आणखी भात वाढा. सकाळपासून उपाशी हाय तो."