पहिला पेला उजव्या हातानं

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या बाजारात चाळीस वर्षं जामू, म्हणजे जडीबुटीचं पेय, विकणाऱ्या बू साकिनेमनं एकाही गिऱ्हाइकाला कधी डाव्या हातानं पेला दिला नव्हता. मेंदूला झटका आला आणि नेमका उजवाच हात लुळा पडला, तेव्हा तिचा नवरा तुकिमान म्हणाला, "डाव्यानं दे की. 'माफ करा हं' म्हणायचं, लोक काही चावत नाहीत."

"लोक नाही चावत, मला माझं मनच खाईल," ती म्हणाली. उजव्या हातानं पेला देता येईल त्याच दिवशी ठेल्यावर बसेन, असं तिनं जाहीर करून टाकलं. बाई हट्टी, तिची समजूत घालायची कुणाची छाती नव्हती.

तोवर ठेला तुकिमानकडे आला. त्याच्या हातचा हळद-चिंचेचा जामू प्यायल्यावर आपण याचं काय वाकडं केलं होतं, असा गिऱ्हाइकाला प्रश्न पडे. रोजची माणसं एकेक करून गळू लागली.

इस्पितळात लारास नावाची तरुण थेरपिस्ट होती. तिनं साकिनेमच्या डोळ्यांवर मशीनला जोडलेला जाडजूड चष्मा चढवला, आणि बाईसमोर चक्क ठेलाच उभा राहिला! बाटल्या, पेले, आणि पलीकडे टोपीवाला एक मिशाळ म्हातारा.

"बू, आधी चांगल्या हातानं एक पेला द्या. मशीनला माप घ्यायचंय."

"डाव्या हातानं? या म्हाताऱ्याला?"

"तो खरा नाहीये, बू. चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हणून काय झालं? माझ्याकडेच बघतोय की!"

लारासनं पुष्कळ विनवलं. शेवटी बाईनं डावा हात पुढे केला, पण आधी चित्रातल्या म्हाताऱ्याची वाकून माफी मागितली. शेजारच्या खुर्चीवर तुकिमान पोट धरून हसत होता.

मग उजव्याची पाळी. सुरुवातीला तो मांडीवरून उठेचना. हात जात नाही म्हणून बाई अख्खं अंगच पुढे झुकवायची. लारासनं तिला पट्ट्यानं खुर्चीला बांधलं.

"बकरीसारखी बांधलीस गं मला!"

"बकरी इतकी बोलत नाही, बू."

तिसऱ्या महिन्यात पेला म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत पोचू लागला. शेवटची पायरी मात्र काही केल्या जमेना. पेला पुढे धरायचा, आणि म्हातारा घेईपर्यंत दहा सेकंद तसाच ठेवायचा. सहा-सात झाले की हात लटपटे आणि पेला खाली पडे.

"एवढ्या वेळात माणूस पिऊन घरी जातो! हा मेला मिशाच कुरवाळत बसतो."

एके दिवशी तिनं चष्मा काढून ठेवला आणि रडायलाच लागली. "नाही होणार गं आता."

लारासलाही वाईट वाटलं. ती म्हणाली, "चित्र राहू दे. सोमवारी ठेल्यावर पहिलं गिऱ्हाईक मी. मला द्या."

"आणि सगळ्या बाजारासमोर सांडला तर?"

"तर दुसरा मागेन."

"दुसरा नाही. सांडला तर ठेला कायमचा बंद," साकिनेम म्हणाली. शेजारी बसलेल्या तुकिमानला आज हसू आलं नाही.

सोमवारी सकाळी शेजारच्या भाजीवाल्या आपण बघतच नाही असं दाखवत बघत होत्या. तुकिमाननं पेला भरला. साकिनेमनं उजव्या हातानं उचलला आणि हळूहळू पुढे नेला. लारासच्या उजव्या हातात फोन होता, ती सगळं टिपत होती. घाईघाईत तिनं डावा हात पुढे केला.

पेला हवेतच थांबला.

"हे काय? डावा हात?"

"बू, व्हिडिओ काढतेय ना..."

"काढ नाहीतर नको काढूस! आईनं काही शिकवलंय की नाही? तो फोन दे आधी ह्यांच्याकडे."

लारास ओशाळली. फोन तिनं तुकिमानकडे दिला, हात जीन्सला पुसला, मान किंचित झुकवली आणि उजव्या हातानं पेला घेतला. थेंबही सांडला नव्हता. तिनं तो एका दमात रिकामा केला, मग फोन परत घेऊन व्हिडिओ बघत राहिली.

"बू," ती ओरडलीच, "तुम्ही मला रागावत होता ना, तेवढा वेळ पेला वरच होता. एकोणीस सेकंद!"

साकिनेमनं आपल्या हाताकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते तिनं त्याच हातानं पुसले. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, उभे काय राहिलात? व्हा बाजूला माझ्या ठेल्यावरून."