सेम्मेडूच्या पुढचा फाटा

"कारवल्ली मागे पडलं. आता दुसरा गिअर," शशिकला म्हणाली आणि मांडीवरची ट्रेसिंग पेपरची गुंडाळी तिने वीतभर उलगडली. "पहिलं वळण, डावं. कडेला बारीक खडी आहे."

आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या महेशने डावा हात किंचित कलता केला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. दीड वर्षापूर्वी, एग्मोरच्या रेल्वे कचेरीत फाइल काढायला उठला असताना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो हात, तो पाय, आणि जवळजवळ सगळी वाचा गेली. चारपाच शब्द उरले. हो, नको, पाणी, शशी. एवढ्यावर घर चाललं होतं.

रविवारी दुपारी मात्र ते दोघं फिरायला जात. गिंडीतल्या त्या दोन खोल्यांतून, पंख्याच्या वाऱ्यात, कधी येरकाडला, कधी कोटगिरीला, कधी कोल्ली टेकड्यांवर. कोल्लीला चढताना सत्तर वळणं लागतात. सत्तरच्या सत्तर शशिकला वाचून दाखवी. तिसाव्याला सावली, कारण डोंगर उन्हाच्या आड येतो. बेचाळिसाव्याला थांबायचं, तीनची बस खाली उतरत असेल. महेशचा हात इकडे कले, तिकडे कले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू अशी निवांत कळा येई, की वारा खरंच तोंडावर येतो आहे असं वाटावं.

हे कागद तिचेच होते. शशिकला गिंडीच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे तिचं काम. महेशने लग्नानंतर दोन वर्षांनी जुनी येझदी मोटारसायकल घेतली, तेव्हा कारखान्यातून ट्रेसिंग पेपरच्या मोठ्या गुंडाळीची उरलेली पट्टी मागून आणून तिने पहिला रस्ता काढला, येलगिरीचा. चौदा वळणांचा. मग तो नादच लागला. पुढच्या प्रत्येक वर्षी एक घाट. नकाशे जमव, लॉरीवाल्यांना विचार, पेट्रोल कुठवर पुरेल ते बघ, सकाळी कुठल्या अंगाने चढलं तर ऊन डोळ्यांत येणार नाही ते ठरव. दोन-दोन महिने ती एका रस्त्यावर असे. प्रत्यक्ष जाताना मागच्या सीटवर बसून वळण आलं की त्याच्या खांद्यावर बोटांनी टिचकी द्यायची, डाव्याला डावीकडे, उजव्याला उजवीकडे. परत आल्यावर पाहिलेलं सगळं त्या पट्टीवर पक्कं करायचं. कारखान्यात पुढे कॉम्प्युटर आले, तिला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं, पण घरातली शाई तिने वाळू दिली नाही.

त्या रविवारी सत्तरावं वळण संपलं, सेम्मेडूचा बाजार मागे पडला.

"आता फाटा. उजवीकडे, देवळाकडे," ती म्हणाली.

हात उजवीकडे कलला नाही. महेशने डोळे उघडले.

"डावी," तो म्हणाला.

हा नवा शब्द होता. दीड वर्षात पहिला. शशिकलाला आधी त्याचाच आनंद झाला. मग तिने समजावलं, की अहो, देऊळ उजवीकडे आहे, आपण उजवीकडेच गेलो होतो. तो पुन्हा म्हणाला, "डावी."

तिने कागद जवळ धरला. उजवा रस्ता पुढे गेलेला. डावीकडे दोन समांतर रेघांचा बोटभर तुकडा, आणि त्याच्या तोंडाशी एक नागमोडी रेघ. वस्तू पुढे आहे, पण इथे दाखवलेली नाही, हे सांगायला ड्रॉइंगमध्ये अशी रेघ मारतात. ती तिनेच मारली होती, सत्त्याऐंशी साली.

मग तिला आठवलं. त्या फाट्यावर महेशने गाडी थांबवली होती. डावीकडे सिल्व्हर ओकची झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल, आणि मधून आत जाणारा एक अरुंद रस्ता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला होता. तिच्या कागदावर मात्र चार वाजता देऊळ होतं आणि सहाच्या आत घाट उतरायचा होता. तिने उजव्या खांद्यावर टिचकी मारली. त्याने गाडी वळवली. तीही विसरून गेली. तो एकोणीस वर्षं विसरला नव्हता.

पुढच्या रविवारी तो पुन्हा तिथेच थांबला. त्याच्या पुढच्या रविवारीही. शशिकलाला वाटलं, काहीतरी रचून सांगावं. झाडं सांगावीत, एखादा झरा सांगावा, त्याला कुठे कळणार आहे? तिने तोंडही उघडलं. पण न पाहिलेली रेघ तिने आयुष्यात काढली नव्हती. दोघं फाट्यावर बसून राहिले, आणि खाली गल्लीत फुलवाली ओरडत निघून गेली.

हे तिने रुचिराला सांगितलं. रुचिरा वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मूळची कोल्हापूरची, श्रीपेरंबुदूरकडच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर. स्वतःच्या मोटारसायकलवरून कामाला जायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जिन्यावरच म्हणाली, "मग चला की काकू. पोंगलची सुट्टी आहे. बघून येऊ."

शशिकलाने आधी हसण्यावारी नेलं. मग त्या रात्रीच्या स्वयंपाकात तिच्याकडून दोनदा मीठ पडलं. महेशला सोडून ती एक दिवसही कुठे गेली नव्हती. दुसरा झटका येऊ शकतो असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तिने आवडी उपनगरात राहणाऱ्या नणंदेला, कुमुदिनीला, फोन केला, आणि कुमुदिनीने दोन दिवस येऊन राहायचं कबूल केलं. रुचिरा गाडी घेऊन पुढे जाणार, शशिकला रेल्वेच्या पासवर सेलमपर्यंत येणार, तिथून पुढे दोघी. तिने नवी पट्टी कापली, राशीपुरम, सेंदमंगलम, काळप्पनायक्कनपट्टी अशी गावं लिहिली. फाट्यापुढे कागद कोरा ठेवला.

महेशला सांगितलं तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळभर तसाच पडून राहिला. झोपला आहे, की रुसला आहे, की त्याला नुसतं न जाता येण्याचं दुःख होतं आहे, तिला कळेना. गाडीवर तो असायला हवा होता, हे तिला कळत होतं. सकाळी निघताना पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "नको जाऊ का? खरं सांगा."

त्याने बराच वेळ शब्द शोधला. सापडला तो एकच.

"डावी," तो म्हणाला.

घाट चढताना पहिल्या चारपाच वळणांना ती ताठ बसली. पाठ वेगळी होती, खांदे लहान होते. सातव्या वळणाला तिची बोटं आपणहून रुचिराच्या खांद्यावर वाजली. रुचिराने आरशातून पाहिलं आणि गाडी सुरेख आत घेतली. खाली भाताची शेतं लहान होत गेली, हवेला ओल्या पानांचा वास आला. तिसाव्या वळणाच्या पुढे धुकं सुरू झालं. आपण चढतो आहोत की रस्ताच आपल्या अंगाखालून उतरतो आहे, हे शशिकलाला सांगता आलं नसतं. वळणांचे आकडे पांढऱ्यातून वर यायचे आणि विरून जायचे. एकोणीस वर्षांत तिने हा रस्ता इतक्या वेळा वाचला होता, की आता तो खरा आहे याचंच तिला नवल वाटत होतं.

सेम्मेडूला तिने बूथवरून घरी फोन केला. कुमुदिनी म्हणाली, जेवलाय, खिडकीत बसलाय.

फाट्यावर शशिकला गाडीवरून उतरली. रुचिराला तिथेच थांबायला सांगितलं आणि डावीकडे चालू लागली, पावलं मोजत. झाडं तीच, आता पुष्कळ उंच. एकशेवीस पावलांवर एक कौलारू घर. दोनशेदहावर दुसरं, त्याच्या ओट्यावर एक बाई मिरी पाखडत होती. कुठे निघालात म्हणून तिने तमिळमध्ये विचारलं.

"सुम्मा," शशिकला म्हणाली. उगाच.

बाईने मान डोलावली, जणू उगाच येणारी माणसं इथे रोज येतात, आणि पुन्हा सूप हलवू लागली.

चारशेनंतर डांबर संपलं, लाल माती लागली. सहाशेचाळीस पावलांवर रस्ता उतरणीला लागला आणि धुक्यात गेला. पलीकडून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. ओढा असेल, किंवा शेताला सोडलेलं पाणी असेल. ती वीस मिनिटं उभी राहिली. धुकं हललं नाही. मोठ्याने रडावं असं तिला एकदा वाटलं, पण रडण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिथे फार बरं वाटत होतं. तेच तिला एकटीला सोसेना. पेन्सिलीने खुणा करून ती परत फिरली.

घरी आल्यावर तिने दोन संध्याकाळी बसून त्या खुणांवरून शाई फिरवली. रविवारी दुपारी पट्टी महेशच्या मांडीवर पसरली आणि सेंदमंगलमपासून सुरुवात केली. सत्तर वळणं झाली. बाजार झाला.

"फाटा," ती म्हणाली. "डावीकडे."

महेशचा हात डावीकडे कलला, आणि त्याच्याबरोबर मान, आणि आखडलेला उजवा खांदाही थोडासा. तिने झाडं सांगितली, कौलारू घर सांगितलं, मिरी पाखडणारी बाई सांगितली, लाल माती सांगितली. काही वाढवलं नाही.

"सहाशेचाळीस पावलं," ती शेवटी म्हणाली. "पुढे धुकं होतं हो. पाण्याचा आवाज येत होता. मला दिसलं नाही."

तो खट्टू होईल असं तिला वाटलं होतं. तो कागदाकडे बघत राहिला. शाईची रेघ जिथे थांबली होती, त्याच्या पुढे हातभर कोरा कागद होता. त्याने त्यावर डावा तळवा ठेवला, आणि उतरणीवर गाडी सोडून द्यावी तसा सावकाश पुढे नेला.

शशिकलाने उरलेला कागद कापायला कात्री काढून ठेवली होती. ती तिने हळूच उचलून मागे, खुर्चीखाली सरकवली.